लखनौच्या शाळेतला तळघरवासी

वर मुलांचे तास चाललेले आणि आम्ही खाली कबरीकडे. शाळेच्या माणसाने कुलूप काढलं, "संभलके, साहब," म्हणाला. ला मार्टिनियर नावाला कॉलेज असलं तरी आहे शाळा, आणि तिच्या तळघरात तिचा मालक झोपलाय: मेजर जनरल क्लॉड मार्टिन.

१७३५ साली फ्रान्सच्या लियॉनमध्ये जन्म. साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला, १७६१ला पाँडिचेरी पडल्यावर इंग्रजांच्या चाकरीत गेला आणि लखनौला नवाबाचं शस्त्रागार सांभाळू लागला. १७९२च्या टिपूविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यातही हा गृहस्थ इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसबरोबर होता, म्हणजे आपल्या मराठी सरदार हरिपंत फडक्यांच्याच बाजूला! तोफा ओतल्या, फुगा उडवला, निळीचा धंदा केला. मूतखडा झाला तेव्हा आत तार घालून स्वतःच कानशीने घासला म्हणे. ते वाचताना मी पाय जवळ घेऊन बसलो होतो.

पैसा आला तसा हव्यासही. चित्रं, पुस्तकं, फारसी हस्तलिखितं, घड्याळं, विज्ञानाची उपकरणं. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये झोफनी या चित्रकाराचं एक चित्र पाहिलं होतं. त्यात मार्टिनचा दोस्त कर्नल पोलिए भाजी-फळं निरखतोय आणि मार्टिन एका मित्राला आपल्या घराचं चित्र दाखवतोय. नवी कोरी चाळ बांधून पाहुण्यांना नकाशा दाखवणारा आपल्याकडचा काका आठवला.

पण हे सगळं घरात राहिलं नाही. १३ सप्टेंबर १८००ला तो गेला आणि संग्रह लिलावात फुटला. राहिली ती वास्तू, कॉन्स्टान्शिया, म्हणजे हीच शाळेची इमारत. लखनौत सांगतात, नवाबाचा या घरावर डोळा होता. म्हणून मार्टिनने स्वतःची कबरच आत ठेवायला सांगितली. कबरीवर कोण राहायला येणार? खरं-खोटं माहीत नाही, पण डाव त्याला शोभतो. पैसा शाळांसाठी ठेवला. ही १८४५ला सुरू झाली.

कबरीभोवती पूर्वी चार शिपाई पुतळ्यांच्या रूपात पहाऱ्याला होते. सत्तावन्नच्या धामधुमीत ते फुटले, कबरही उकरली गेली. तेव्हा इथली पोरं रेसिडेन्सीत, म्हणजे लखनौतल्या इंग्रजांच्या ठाण्यात, वेढ्यात अडकली होती.

वर आलो तर मधली सुट्टी झाली होती. तोफेला टेकून दोन मुलं डबा खात होती.