जुनी कॅम्पर, जादा पाटे आणि चोर्ल्याची उतरण

आधी निकाल सांगतो, मग प्रवास. बेळगावहून गोव्याला माल नेणारी जुनी पिकअप असेल आणि गॅरेजवाला म्हणाला, "मागं दोन-दोन पाटे जादा टाकू", म्हणजे सस्पेन्शनच्या कमानी पट्ट्या वाढवू, तर चावी घ्या आणि गाडी बाहेर काढा. मला हेच करून दिलं, वर ३४ हजार घेतले, आणि त्या कामाची खरी किंमत चोर्ला घाटात कळली.

गाडी बोलेरो कॅम्पर, २५२३ सीसीचं टर्बो डिझेल, डिझेलचा जुना मेकॅनिकल पंप. टनभर रताळी भरली की मागून बसायची आणि खड्ड्यात ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, वर येऊन रबरावर आदळायचा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढायची नाही. गॅरेजवाल्याने दोन्हीवर एकच औषध काढलं: मागं दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे, धक्के शोषणारे नवे शॉकअप आणि पंपाचं डिझेल वाढवायचं. "काय होत नाही की ओ मालक, गाडी उचलून येतीय बघा." गाडी उचलून आली हे खरं. रिकाम्या गाडीचा हौदा मागून चार बोटं वर दिसत होता. बघणारे खूश, मीही खूश.

पिरनवाडी, किणये इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. कुसमळीला मलप्रभा ओलांडली, जांबोटी गेलं आणि रस्त्याने दात दाखवायला सुरुवात केली. डांबराच्या कडा तुटलेल्या, मधेच तांबड्या मातीची खांडं, वळणावर समोरून भरधाव येणाऱ्या गोव्याच्या गाड्या. कणकुंबीकडे चढताना मागे काळा धूर इतका की आरशात रस्ता दिसेना. ताकद थोडी वाढली होती, नाही म्हणत नाही, पण टेंपरेचरचा काटाही सोबत चढत होता. डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली की जादा डिझेल धूर आणि उष्णता होऊन बाहेर पडतं. टर्बो आणि पिस्टन दोघांचं आयुष्य त्यात जातं, आणि पीयूसीला गाडी उभी करायची सोय राहत नाही.

खरी परीक्षा चढाची नाहीच. बेळगाव आधीच घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे भरलेली गाडी गोव्याकडे जाताना चोर्ल्यापासून गोव्यातल्या केरीपर्यंत नुसती उतरते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो, तरी चार-पाच वळणांतच ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास यायला लागला आणि ब्रेकचं पॅडल खाली जायला लागलं. कडेला जागा बघून थांबलो, चाकाला दगड लावले. पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. मागचे ड्रम मात्र जेमतेम कोमट! टनभर माल मागे, आणि ब्रेकचं सगळं काम पुढची दोन चाकं करत होती.

ह्याचं कारण कुठलाच गॅरेजवाला आपणहून सांगत नाही, म्हणून इथे नीट लिहितो. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडा जातो. ह्या व्हॉल्व्हला एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह) म्हणतात. गाडी भरली की चॅसी खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की चॅसी वर असते, मग मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून तो दाब कमी करतो. जादा पाटे टाकून गाडी उचलली की टनभर माल असूनही व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. पाटे बदलले आणि दांड्याचं सेटिंग तसंच ठेवलं, म्हणजे घाटात निम्मे ब्रेक काढून घेतले.

थांबलोच होतो म्हणून टॉर्च घेऊन मागे वाकलो. पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या डाव्या यू बोल्टच्या नटाखाली चकाकणारं कडं दिसलं, लोखंड लोखंडावर घासून पांढरं झालेलं, आणि त्याच्या कडेने तपकिरीसारखी लालसर पूड. नट बोटाने हलत होता. यू बोल्ट ढिले झाले की ॲक्सल जागेवर धरायचा सगळा भार पाट्यांच्या मधोमध आरपार जाणाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी पळते, तेही दरीच्या बाजूला. पान्याला पाइप लावून दोन्हीकडचे नट आवळले, ब्रेक थंड होईपर्यंत बसलो आणि पहिल्या गिअरमध्ये केरी गाठली. साखळीला पोचेपर्यंत जे हात थरथरत होते ते मी विसरणार नाही.

परत रिकामी येताना अनमोडवरून आलो. लोंढा, खानापूर, सगळं सुखरूप. फक्त रिकामी गाडी रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर मागून उडत होती आणि चाळीस-पन्नासच्या वेगाला फरशीतून घरघर येत होती. गाडी मागून उचलल्याने इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस जॉइंट कण्हायला लागतात, त्याची ती घरघर.

मग बेळगावच्या ऑटोनगरला एका म्हाताऱ्या पाटेवाल्याकडे गेलो. त्याने स्क्रूड्रायव्हरने एका 'नव्या' पाट्यावरचा काळा रंग खरवडला. खाली गंजाचे जुने खड्डे. भंगारातल्या गाडीचे पाटे रंगवून नव्याच्या भावात लावले होते. कमानही जुळत नव्हती, दोन पाट्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसत होता. असे पाटे भार वाटून घेत नाहीत, एकावरच पडतो आणि तो तुटतो. ज्या गॅरेजने हे केलं तिथे परत गेलो, तर "वापरलेल्या मालाला गॅरंटी नाही" एवढंच उत्तर. बिलावर मात्र नवे म्हणून लिहिलं होतं. त्यामुळे पैसे देण्याआधी प्रत्येक पाट्याचा रंग एका जागी खरवडून बघा, आणि आपले जुने पाटे मागून घ्या. जो देत नाही त्याने ते पुढच्या गिऱ्हाइकाला विकायला ठेवलेत असं समजा.

पाटेवाल्याने जादा पाटे काढले. मूळचे पाटे भट्टीत तापवून, कमान देऊन, पाणी देऊन घेतले. थंड ठोकून कमान दिली तर दोन महिन्यांत पुन्हा बसते, त्यामुळे ह्यात काटकसर नको. वरून प्रत्येक बाजूला एक हेल्पर पाटा दिला, जो गाडी भरल्यावरच टेकतो. रिकामी आली तर तो मोकळाच असतो, म्हणून गाडी उडत नाही. जाताना भरलेली आणि येताना रिकामी असणाऱ्या आपल्यासारख्यांना हाच उपाय, दुसरा नाही. पाट्यांच्या टोकाला झुलणाऱ्या शॅकलचे रबरी बुश आणि पिन नव्या, सेंटर बोल्ट आणि चारही यू बोल्ट नवे. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी करून, आडव्या-तिरक्या क्रमाने. जॅकवर अधांतरी असताना बुश आवळले तर खाली उतरल्यावर रबर पिळलं जातं आणि महिन्यात फाटतं. एलएसपीव्हीचा दांडा माझ्यासमोर सेट केला. सगळे मिळून साडेनऊ हजार. ३४ हजारांशी तुलना तुम्हीच करा.

इंजिनाचं काम दुसऱ्या पंपवाल्याकडे. डिझेल वाढवलेला पंपाचा स्क्रू मूळ जागी आणला, डिझेल फवारणारे नोझल टेस्ट करून घेतले, व्हॉल्व्हचे टॅपेट सेट केले, एअर फिल्टर बदलला. टर्बोच्या रबरी पायपाला क्लिपखाली चीर होती, तिथून हवा पळत होती. त्या एका पायपाने जेवढा जोर परत आला तेवढा डिझेल वाढवूनही आला नव्हता. धूर गेला. आता कणकुंबीचा चढ भरलेली गाडी तिसऱ्यात घेते, काटा मधेच राहतो, आणि चोर्ला उतरल्यावर मागचे ड्रमही पुढच्यांसारखे तापलेले लागतात. त्या दिवशी केरीला चहा पिताना जो आनंद झाला तो नवी गाडी घेतल्याचाही झाला नसता.

टायर मोठे टाकायचा मोह होईल. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ टाकलं की व्यास चार टक्क्यांहून जास्त वाढतो. म्हणजे गिअर तेवढे लांब झाले, चढावर ओढ कमी झाली, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही बासष्टच्या वर असता. घाटात चालवणाऱ्याने मूळ मापच ठेवावं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि आपल्याला तर चोर्ल्यावर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडच्या हद्दी लागतात. केए २२ ची पाटी आणि मागून उचललेला हौदा दिसला की गाडी बाजूला घ्यायला सांगतातच. मूळ रचनेतली दुरुस्ती आणि बिलं सोबत असली की बोलाचाली लवकर मिटते.

पाटे केल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीत यू बोल्ट जांबोटीला एकदा आणि साखळीला एकदा आवळा, घरी आल्यावर पुन्हा. चोर्ला रात्री उतरायचा असेल तर कणकुंबी सोडण्याआधी मागे वाकून बघा. जुन्या सेटमधला एक चांगला मेन पाटा, एक नवा सेंटर बोल्ट आणि दोन नवे यू बोल्ट सीटखाली टाकून ठेवा, कारण जांबोटी सोडली की केरीपर्यंत रात्रीच्या वेळी यातलं काहीही विकत मिळणार नाही.