३५ मिनिटांत १९ वेळा

शिक्षकांसाठी ‘कोचिंग’ सुरू होणार म्हटल्यावर स्टाफरूममध्ये हशा पिकला. आता आपल्यालाच क्लास लावताहेत! मला हसू आलं नाही. शहरातली दोन सत्रांत भरणारी शाळा, वर्गाचा पट ६२, वर जवळजवळ रोज गैरहजर शिक्षकाच्या जागी एखादा बदली तास. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा. मुलांना नावानं हाक मारणं सुटून ‘ए, मागचा’ सुरू झालं होतं.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पिचून जाण्याची, तीन अंगं सांगितली आहेत, हे मी पुढे वाचलं: भावनिक थकवा, माणसांबद्दल कोरडेपणा, आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. ‘ए, मागचा’ दुसऱ्यातलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित बाब म्हटलं, हे वाचून मात्र हायसं वाटलं. तोवर मी स्वतःलाच नालायक ठरवून बसले होते.

कोच बाई पहिल्यांदा मागच्या बाकावर बसल्या तेव्हा मी तपासणी असल्यासारखा धडा घेतला. मुलांना आधीच दम दिला होता. ‘मी शेरा देत नाही आणि इथलं मुख्याध्यापकांकडे जात नाही,’ असं त्या म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनी कागद पुढे केला. पाच-पाच रेघांच्या तीन जुड्या, वर चार रेघा. ३५ मिनिटांत मी १९ वेळा ‘गप्प बसा’ म्हटलं होतं. भयंकर राग आला. त्यांनी एवढंच विचारलं, ‘यातल्या कितव्यांदा वर्ग गप्प झाला?’

बहुतेक रेघा पहिल्या आठ मिनिटांतल्या होत्या. मोठ्या सुट्टीनंतर मुलं धापा टाकत येत आणि मी पाठ करून फळ्यावर तारीख लिहीत असे. मग ठरलं, फळ्यावर गणित आधीच लिहायचं आणि दारात उभं राहून प्रत्येकाला नावानं आत घ्यायचं. दोन दिवस खुळ्यासारखं वाटलं. महिन्याभरानं रेघा सहावर आल्या. (दीर्घ श्वासही शिकवला होता. ६२ मुलांसमोर तो आठवत नाही.)

मध्यंतरी मुख्याध्यापकांनी अहवाल मागितला. बाईंनी दिलेल्या कागदावर फक्त भेटींच्या तारखा होत्या. त्यानंतरच्या भेटीत मी रविवारबद्दल बोलले.

बदली तासांवर त्यांच्याकडे उपाय नव्हता आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. आम्ही फक्त पर्यवेक्षकांना काय म्हणायचं याची तालीम केली. ‘सर, तास घेते. पण आजच्या वह्या उद्या तपासून होतील.’ सर मान वर न करताच म्हणाले, ‘बरं.’ मी ते वाक्य आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं.