तुम्ही विचारलंत म्हणून: टाकी भरली की मोटर आपोआप बंद कशी करायची?

घरी सोल्डरिंग आयर्न आहे असं कळलं की इमारतीतला प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. विचारताना उत्तरही त्याने ठरवलेलं असतं: ईएसपी-८२६६ (वायफायवाली छोटी चिप), झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा), एक निळा रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि मोबाईलवर दिसणारी टाकीची पातळी. माझं उत्तर जरा निरुत्साही वाटेल. मोटर सुरू माणसाने करावी, बंद मात्र तारेने करावी. त्या तारेत प्रोग्राम नको आणि वायफाय तर नकोच.

पाणी मोजणं सोपं आहे. खरी अडचण येते मोटर खात्रीने बंद करताना. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. निळ्या रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट' असं छापलेलं असतं, पण तो आकडा साध्या हीटरसारख्या लोडचा. मोटर तोडताना कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी उडते, धातू वितळतो आणि एके दिवशी कॉन्टॅक्ट चिकटतात. मग प्रोग्राम 'बंद' म्हणतो, दिवा विझतो, मोटर चालूच राहते आणि गच्चीवरून धबधबा सुरू होतो.

म्हणून मोटरसाठी कॉन्टॅक्टर घ्या, म्हणजे कॉईलला वीज मिळाली की जुळणारा दणकट स्विच. त्याच्या प्लेटवर एसी-३ या नावापुढचा आकडा बघा, तो मोटरचा असतो. एक एचपीला ९ अँपिअर चालतो, १२ घेतलात तर निवांत. कॉईल २३० व्होल्टची. सोबत मोटरच्या प्लेटवरच्या करंटला लावलेला ओव्हरलोड (करंट जास्त वाढला की मोटर तोडणारा) हवा. एक अपवाद: बोअरच्या सबमर्सिबलला ज्या पॅनेलवर हिरवं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं, तिथे त्या दाबण्यात मोटरला सुरुवातीचा जोर देणारा स्टार्ट कपॅसिटर जोडला जातो. तिथे नवा कॉन्टॅक्टर घालू नका, त्याच पॅनेलच्या लाल बटणाच्या तारेत आपला छोटा रिले (त्याच्याबद्दल पुढे) टाका.

आता जोडणी. फेज आधी लाल बटणात जातो (दाबल्यावर उघडणारं), तिथून आपल्या छोट्या रिलेच्या कॉन्टॅक्टमधून हिरव्या बटणात (दाबल्यावर जुळणारं), तिथून कॉन्टॅक्टरच्या कॉईलच्या ए१ या टोकावर. ए२ न्यूट्रलला. हिरव्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचेच १३ आणि १४ हे टर्मिनल. बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि १३-१४ जुळल्यामुळे स्वतःला धरून ठेवतो. मध्ये कुठेही तार तुटली की सुटतो. लाइट गेली तरी सुटतो, आणि आली म्हणून आपोआप सुरू होत नाही. मध्यरात्री लाइट येऊन रिकाम्या हौदावर मोटर फिरत बसली, असं इथे होणारच नाही.

छोटा रिले १२ व्होल्टचा. त्याच्या कॉईलच्या तारेत दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारे, वर-खाली होताना जुळणारे-तुटणारे) एकामागे एक: वरच्या टाकीतला खाली लोंबत असताना जुळलेला, हौदातला वर तरंगत असताना जुळलेला. टाकी भरली किंवा हौद संपला, कुठलंही आधी झालं तरी रिले सुटतो आणि त्याच्यामागे कॉन्टॅक्टर. उंदराने वायर कुरतडली, अडॅप्टर जळला, गच्चीवरचा जोड गंजला, तरी मोटर बंदच पडते. वैतागून शिव्या द्याल, पण पाणी वाया जाणार नाही. हौदातल्या फ्लोटचा कंटाळा करू नका. पंपाचं मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड राहतं, कोरडा पंप काही मिनिटांत ते जाळतो.

फ्लोटला तीन वायर असतात. रंगांवर जाऊ नका. मल्टिमीटर बीपवर ठेवा, फ्लोट हातात उलटा-सुलटा करा, हवी ती जोडी शोधा, तिसरी वायर नीट टेप करून सोडा. फ्लोटवर '१६ अँपिअर' लिहिलेलं पाहून वायरमन सरळ २३० व्होल्ट टाकीपर्यंत नेतो. चालतं, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. फ्लोटची वायर उन्हात तडकली की ज्या पाण्याने आपण आंघोळ करतो त्यात फेज उतरतो. वर १२ व्होल्टच जाऊ द्या, आणि मोटरच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) लावाच.

'एवढ्या लांब १२ व्होल्ट पोचतील का?' हा पुढचा प्रश्न. गणित करू. नेटवर्कच्या कॅट-६ केबलच्या तांब्याच्या एका तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८ ओहम. गच्ची ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे पाच ओहम. रिलेची कॉईल चारशे ओहमची, करंट ३० मिलीअँपिअर. तारेत पाव व्होल्टही पडत नाही. रिले दिवसभर ओढलेला राहतो, त्याचा खर्च वर्षाला तीनेक युनिट. अडॅप्टर स्वतः खाईल ते वेगळं. केबल मात्र पीव्हीसी पाईपमधूनच न्या, उघड्यावर उन्हाने तिचं आवरण फुटतं. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊ नका, गच्चीवरच्या दमट हवेत तिची टोकं पांढरी होऊन तुटतात.

टाकीत फ्लोट कुठे लोंबवायचा, यात सगळ्यात जास्त चुका होतात. पाण्याची धार पडते त्याच्या समोरच्या बाजूला लावा, नाहीतर लाटेने फ्लोट उसळतो आणि अर्ध्या टाकीवरच मोटर बंद पडते. तरीही उसळत असेल तर रिलेच्या कॉईलला समांतर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा, अधिक-उणे बघून. त्याने रिले अर्धा सेकंद तग धरतो आणि लाट निघून जाते. वायरवरचं वजन फ्लोटपासून १०-१५ सेंटिमीटरवर ठेवा. ओव्हरफ्लोच्या पाईपच्या दहाएक सेंटिमीटर खाली स्विच तुटला पाहिजे. टाकीला बॉल कॉक असेल तर तो बंद होण्याआधी. नाहीतर कॉक मिटतो, पाणी फ्लोटपर्यंत चढतच नाही आणि पंप बंद तोंडावर जोर लावत तापत राहतो.

शेवटचा रखवालदार म्हणून टायमर. पंपाचं पाणी २० लिटरच्या बादलीत, गच्चीवरच, घड्याळ लावून मोजा. २४ सेकंदांत भरली तर मिनिटाला ५० लिटर, म्हणजे १००० लिटरची टाकी २० मिनिटांत. टायमर २५ मिनिटांवर. त्याचं पॉवर कॉन्टॅक्टरच्या कॉईलला समांतर, आणि वेळ संपल्यावर उघडणारा कॉन्टॅक्ट लाल बटणाच्या तारेत.

'मग सेन्सर लावायचाच नाही का?' लावा की, पातळी बघायला. वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सरला २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणून तो भरलेल्या पाण्यापेक्षा तेवढा उंच हवा. त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब साचले की आकडे नाचतात. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशांना ३५८. मे महिन्यातल्या काळ्या टाकीत मीटरभर अंतरात चारेक सेंटिमीटरची चूक तिथेच झाली. सेन्सरची इको पिन (मोजमाप परत पाठवणारी) ५ व्होल्ट देते आणि ईएसपीला ३.३ हवेत, तेव्हा एक आणि दोन किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रोधांची जोडी) घाला. पाण्यात बुडवायच्या स्टीलच्या सळया मात्र टाळा. त्यांना सतत डीसी दिला की एक सळई झिजते, दुसरीवर बोअरच्या पाण्याचा क्षार चढतो आणि काही महिन्यांनी ओल्या टाकीलाही सर्किट कोरडी म्हणतं.

२३० व्होल्टचं काम वायरमनकडून करून घ्या, आकृती हातात देऊन. झाल्यावर मोटर चालू असताना गच्चीवर कुणाला तरी पाठवून फ्लोट हाताने उचलायला सांगा. मग खाली पॅनेलमधली १२ व्होल्टची एक तार उपसा. दोन्ही वेळा 'खट्ट' आवाज येऊन मोटर थांबली पाहिजे. ही परीक्षा टाकी धुवायच्या दिवशी दर वेळी घ्या, आणि झाकणात वायरसाठी पाडलेलं भोक ग्लँडने (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बुजवायला विसरू नका, डासांना तेवढंही पुरतं.