मागच्या बाकावरची मॅडम

आज आमच्या विभागातल्या सीनियर मॅडम माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या. मीच विनंती केली होती. प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा झाली, पीएचडी झाली, पण वर्गात उभं कसं राहायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. रुजू झाले त्याच दिवशी हातात वेळापत्रक मिळालं आणि थेट वर्गावर.

तास संपल्यावर मॅडमनी पेन्सिलीने लिहिलेला कागद पुढे केला. "तू प्रश्न छान विचारतेस गं, पण मनात दोन मोजायच्या आत उत्तरही तूच देतेस. जरा थांबत जा."

दुपारच्या तासाला थांबले. "कापडाला रंग देताना सोडा का घालतात?" वर्ग गप्प. पंखा तेवढा करकरत होता. मनात आठपर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात सोलापूरच्या पूर्व भागातून येणारी, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, सोड्याशिवाय रंग धरतच नाही. बाबांचं टॉवेल रंगवायचंच काम आहे." वर्षभरात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला! मग सोड्यामुळे रंगाचा रेणू सुताशी कायमचा कसा जोडला जातो, हे फळ्यावर मांडायला मजा आली.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2019 मध्ये नव्या प्राध्यापकांसाठी 'गुरुदक्षता' हा महिनाभराचा प्रशिक्षण कार्यक्रम आणला. तो हवाच, मीही करणार आहे. पण मागच्या बाकावर बसणारं आपलं माणूस प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्याच महिन्यात मिळायला हवं.

मॅडम पुढच्या बुधवारी परत येतायत.