लपायची गरज आणि लपायची सोय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

‘दादा, तुम्ही गे आहात हे तुमच्या घरी माहीत आहे, कामाच्या ठिकाणी माहीत आहे, कोल्हापुरात राहून तुम्ही कुणापासून काही लपवत नाही. मग डेटिंग ॲपवर का नाही? आपल्या लोकांच्या पार्ट्यांना का येत नाही? आमचा राग आहे का?’ असं विचारणारी मुलं बहुतेक विशी-पंचविशीतली असतात. कुणी शिवाजी विद्यापीठात शिकतं, कुणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहे, कुणी आजरा-गारगोटीकडून येऊन इथं खोली करून राहिलंय.

राग नाही. लाज तर मुळीच नाही. मी गे आहे याचं मला ओझं वाटत नाही, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात जवळची माणसं मला याच जगात मिळाली. म्हणून तर तिथं जे चालतं त्यातलं काही बघून जीव तुटतो. आपण ते आपापसांतसुद्धा बोलत नाही, याचा त्रास त्याहून जास्त होतो.

आधी एक सांगायला हवं. लपणं आपण हौसेनं धरलेलं नाही. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम दीडशेहून जास्त वर्षं आपल्या डोक्यावर होतं. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं आपल्याला मोकळं केलं. माझी तरुणपणाची वर्षं त्याआधीची. तेव्हा बागेत, स्टँडवर कुणी भेटलं तर नाव विचारायचं नाही, आपलं खरं नाव सांगायचं नाही, दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडला समोरासमोर आलं तरी ओळख दाखवायची नाही, असा नियम होता. त्या नियमानं कित्येकांच्या नोकऱ्या वाचवल्या, काहींचे जीवही वाचवले. त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण कलम गेलं तरी नियम तसाच राहिला. घरच्यांची, गावची भीती अजून खरी आहे, हे मी जाणतो. तरीही पुष्कळांच्या बाबतीत जी गरज होती ती आता सोय झाली आहे. नाव नाही, चेहरा नाही, म्हणून जाबही नाही.

पार्ट्यांचं विचारता ना, तिथूनच सुरू करतो. शहराबाहेर फार्महाउस असलेले एक गृहस्थ आहेत. पन्नाशी उलटलेली, पैसा आहे, हात सढळ. दारू त्यांची, जेवण त्यांचं, गाडीनं परत सोडायची व्यवस्था त्यांची. ॲपवर नवीन मुलगा दिसला की पहिलं आमंत्रण त्यांचंच जातं. रात्री त्या मुलाच्या वाट्याला काय येतं, हे आपल्या जुन्या लोकांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथं ‘नको’ म्हटलेलं ऐकलं जात नाही. त्यांतला एक मुलगा माझ्याकडं आला होता. बराच वेळ तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसला, मग तुटक तुटक बोलला. माझ्याआधी त्यानं ज्यांना सांगितलं, त्यांनी त्याला काय उत्तरं दिली बघा. एक म्हणाला, ‘तू गेलासच कशाला?’ दुसरा म्हणाला, ‘आलास म्हणजे तयारच होतास की.’ आणि ज्याला तो सख्ख्या भावासारखा मानत होता तो म्हणाला, ‘भावा, हे बाहेर काढू नकोस. सगळ्यांचीच नावं निघतील.’

हे शेवटचं वाक्य मी फार वेळा ऐकलंय. त्या फार्महाउसचं दार याच वाक्यामुळं उघडं राहिलंय. भेटायला बोलावून चेन आणि मोबाईल काढून घेणारे, व्हिडिओ व्हायरल करायची धमकी देऊन महिनोन्‌महिने पैसे उकळणारे, सगळे याच वाक्याच्या भरवशावर आहेत. त्यांना पक्कं ठाऊक असतं, हा माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही. खरं तर खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या ३०८ कलमाखाली गुन्हा आहे, आणि लुबाडला गेलेला माणूस गे असणं हा आज कुठल्याच कलमाखाली गुन्हा नाही. काहींबरोबर मी ठाण्यात जाऊन बसलोय. पोलीस प्रत्येक वेळी नीट बोलतातच असं नाही, पण तक्रार लिहून घेतली जाते, आणि तक्रार झाल्याचं कळलं की धमकीचे फोन बहुतेक वेळा थांबतात.

बळजबरीच्या बाबतीत मात्र परिस्थिती बिकट आहे. २०१८ च्या निकालानं ३७७ पूर्ण काढलं नव्हतं, जबरदस्तीच्या कृत्यांसाठी ते शिल्लक ठेवलं होतं. १ जुलै २०२४ ला जुन्या दंडसंहितेच्या जागी ही नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलमच नाही, आणि तिच्यातली बलात्काराची व्याख्या फक्त स्त्रीवरच्या अत्याचाराची आहे. म्हणजे प्रौढ पुरुषावर पुरुषानं बळजबरी केली तर मारहाण, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं गोळा करून तक्रार द्यावी लागते. जिथं कायदाच इतका तोकडा, तिथं त्या पोराच्या मागं आपण नाही तर कोण उभं राहणार? अठराच्या आतल्या मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. तरी ज्युनिअर कॉलेजातली मुलं वय वाढवून ॲपवर येतात हे कळत असूनही ‘त्यानंच अठरा सांगितलं’ म्हणून हात झटकणारे आपल्यात आहेत. शंका आली की जाणत्या माणसानं तिथंच बोलणं थांबवायचं. यावर दोन मतं असू शकतात हे मला मान्य नाही.

आता बायकांबद्दल. आपल्या चॅटमध्ये बाई येते ती एकाच वाक्यापुरती: ‘मिसेस माहेरी गेलीय, प्लेस आहे.’ लग्नासाठी घरून काय काय होतं ते मला कुणी सांगायला नको. आईचं बीपी, शेतीला वारस, भावकीत तोंड दाखवायचं, धाकट्या बहिणीचं अडून राहिलेलं लग्न. मलाही स्थळं दाखवली गेली. त्या रेट्यापुढं मोडलेल्या मुलाला मी समजून घेऊ शकतो. आपण बाकीचे जे करतो ते मला समजत नाही. आपण त्या लग्नाला जातो, वरातीत नाचतो, अक्षता टाकतो, ‘सुटलास बघ’ म्हणून पाठ थोपटतो. समोर मुंडावळ्या बांधून उभ्या असलेल्या पोरीला यातलं काहीही माहीत नाही, हे त्या मांडवात आपल्याला माहीत असतं.

अशाच एका लग्नातली मुलगी काही वर्षांनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून भेटायला आली. कागलकडची, शिकलेली. नवऱ्याच्या मोबाईलमध्ये काय दिसलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती म्हणाली, ‘मला वाटायचं, माझ्यातच खोट आहे. सासूबाई म्हणायच्या, नवऱ्याला धरून ठेवता येत नाही तुला. मी उपास केले, डॉक्टर केले, जाड दिसते म्हणून जेवण तोडलं. दादा, लग्नाला तुमच्यातली एवढी माणसं आली होती. एकानंसुद्धा सांगू नये?’

मी त्या लग्नाला नव्हतो. पण ती ‘तुमच्यातली’ म्हणाली, आणि त्या ‘तुमच्या’त मी येतोच. तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर मला सांगा. ज्याचं लग्न ठरतंय त्या मित्राला एकदा तरी बाजूला घेऊन ‘त्या मुलीला सांग, नाहीतर लग्न मोड’ म्हणायला काय लागतं? मैत्री तुटेल, एवढंच ना? तिची उमेदीची वर्षं गेली.

तिला मी सीपीआर या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीच्या तपासणीसाठी घेऊन गेलो, कारण तेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, औषधं २००४ पासून मोफत मिळतात, आणि ती नेमानं घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला की शरीरसंबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. एवढं सगळं हाताशी असताना आपल्यात एखादा पॉझिटिव्ह निघाला की त्याच्या चॅटचा स्क्रीनशॉट ग्रुपभर फिरतो. विश्वासानं सांगितलेली अशी गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं मनाई आहे. तो स्क्रीनशॉट बघितलेली पोरं मग तपासायलाच जात नाहीत. आपलं जे गुपित जपायला हवं ते आपण चव्हाट्यावर मांडतो, आणि त्या फार्महाउसचं मात्र झाकतो.

ॲपवर का नाही, तेही सांगतो. तिथली प्रोफाइलं वाचवत नाहीत. ‘बायल्यांनी मेसेज करू नये.’ ‘फक्त मर्दानी.’ ‘काळे, जाडे, अंकल लांब राहा.’ जवळचा आधी, लांबचा नंतर, असे फोटो ओळीनं लागलेले, खाली मीटरमध्ये अंतर, आणि बहुतेक फोटोंत मान कापलेली.

हे गाव तालमींचं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान उभारलं, पेठापेठांत तालीम मंडळं आहेत, कुस्ती आहे, फुटबॉल आहे. त्या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण मर्दपणाचं माप इथं पोराच्या अंगाला फार लवकर लावलं जातं, आणि त्यात न बसणाऱ्याला गल्लीत ज्या शब्दानं हाक मारतात तो आपण प्रत्येकानं ऐकलाय. माझी शाळेतली वर्षं तो शब्द चुकवण्यात गेली. तोच शब्द आज आपली मुलं आपल्याच मुलांसाठी टाइप करतात, हे बघताना मला फार वाईट वाटतं.

याच गावातून मार्गशीर्षात एसट्या भरभरून माणसं सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्माला जातात, आणि आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. साडी नेसलेला, देवीला वाहिलेला जोगता डोक्यावर देवीचा जग घेऊन चौंडक्याच्या तालावर निघाला की पेठेतल्या आयाबाया वाकून नमस्कार करतात. जोगत्याचं आयुष्य सुखाचं असतं असं मी म्हणणार नाही. गरिबी आणि लुबाडणूक त्यात भरपूर आहे. पण माझ्या आजीच्या पिढीतल्या अडाणी बाईला त्या माणसासमोर वाकताना कमीपणा वाटला नाही, आणि आपल्यातला शिकलेला, जिमला जाणारा तरुण त्याला बघून रस्ता ओलांडतो. ‘यांच्यामुळं आपलं नाव खराब होतं’ म्हणतो. कॉलेजातल्या ज्या बायकी मुलाला तो दिवसा ओळख दाखवत नाही, त्यालाच रात्री अकरानंतर मेसेज करतो. त्या मुलांपैकी काहींना मी जवळून ओळखतो. रात्री हवे आणि सकाळी नकोसे होण्याची त्यांना इतकी सवय झालीय की कुणी दिवसाउजेडी चहाला बोलावलं तर ती घाबरतात.

फोटो पसंत पडला की पुढचा प्रश्न असतो, ‘आडनाव?’ उत्तर आलं की ब्लॉक. दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून शाहू महाराज सगळ्यांदेखत त्यांच्या हातचा चहा प्यायचे, ते याच शहरात. आपण दार लावलेल्या खोलीतही जात बाहेर ठेवू शकत नाही.

सगळे असे नाहीत. आजारी मित्राच्या उशाशी रात्ररात्र बसलेली माणसं मी याच जगात पाहिलीत. घरून हाकललेल्या मुलाला आपल्या एका खोलीत महिनोन्‌महिने ठेवून घेणारे आहेत. वर्षानुवर्षं एकत्र राहणारी, एकमेकांच्या आईबापांचं औषधपाणी बघणारी जोडपी आहेत. त्यांच्याकडं बघूनच मी एवढं बोलायचं धाडस करतो, कारण आपल्याला नीट वागता येतं हे त्यांनी दाखवलंय.

म्हणून मी एक पद्धत धरलीय. कुणी नवीन मुलगा भेटायचं म्हणाला की मी त्याला दिवसा, राजारामपुरीत, चार माणसांत बोलावतो. माझं खरं नाव सांगतो. कुणाला भेटायला जाशील तर एका मित्राला पत्ता देऊन जा, असं सांगतो. आणि कुठं जायचं नाही, तेही नाव घेऊन सांगतो. यावरून मला फोन आले. ‘तुम्ही फूट पाडताय’ असं ऐकवलं गेलं. तरी मी सांगायचं थांबवलेलं नाही.

राहिलं तुमच्या पार्टीचं. त्या फार्महाउसला जाणं तुम्हीही सोडा, आणि तुमच्यामागून येणाऱ्या पोरांना ते का सोडलं हे स्पष्ट सांगा. मग तुमच्यापैकी कुणाच्याही खोलीवर तांबडा-पांढरा करा, चारच माणसं असली तरी चालतील, आणि ज्याला बायल्या म्हणून टाळता त्यालाही बोलवा. मी नक्की येईन.