मग तो ग्रह अजून शिल्लक कसा?

आकाशदर्शनाला आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच: "ताई, त्या ग्रहाची हवा सेकंदाला हजारो टन उडून जाते म्हणता, मग तो अजून शिल्लक कसा?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

हा ग्रह म्हणजे एचडी २०९४५८ बी, आपल्या सूर्यमालेबाहेरचा, एचडी २०९४५८ नावाच्या ताऱ्याभोवती फिरणारा. वस्तुमान गुरूच्या साधारण सत्तर टक्के, पण ताऱ्याला इतका बिलगून की त्याचं वर्ष साडेतीन दिवसांत उरकतं. १९९९ मध्ये तो ताऱ्यासमोरून सरकताना टिपला गेला, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश जेमतेम दीड टक्का मंदावला. २००३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ व्हिदाल-माजार आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने तेच अतिनील प्रकाशात, हायड्रोजनच्या लायमन अल्फा रेषेत, म्हणजे हायड्रोजन अडवतो त्या ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशात पाहिलं. तिथे घट निघाली १५ टक्के! दहापट प्रकाश अडवायला ग्रह तर तेवढाच होता. अडवत होता तो त्याच्याभोवती दूरवर पसरलेला हायड्रोजन. हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

ताऱ्याचे क्ष-किरण आणि अतिनील किरण वातावरणाच्या अगदी वरच्या थरात मुरतात. तिथलं तापमान दहा हजार अंशांच्या घरात जातं. मग हायड्रोजन एकेक अणू करून सुटत नाही, लोटच्या लोट बाहेर वाहतो आणि वाटेत ऑक्सिजन, कार्बनलाही ओढून नेतो.

आता हिशेब करू. सेकंदाला १० हजार टन धरले, तर वर्षाला ३१ हजार कोटी टन. ऐकून छातीत धस्स होतं. पण ग्रहाचं वजन टनांत लिहायचं तर १३ वर २३ शून्यं. ती शून्यं मी फळ्यावर सगळी काढते. मुलं मोठ्याने मोजतात. ५०० कोटी वर्षं हीच गळती चालली, तरी जाईल हजारातला एखादा भाग.

जिवावर बेततं ते लहान ग्रहांच्या. ताऱ्याला अगदी खेटून नेपच्यूनएवढे ग्रह फार कमी सापडतात. त्यांची हवा अशीच गेली असावी, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे शोधा आणि त्यांच्या पश्चिमेला, नकाशा हाताशी ठेवून, द्विनेत्री (बायनॉक्युलर) फिरवा. साध्या डोळ्यांना न दिसणारा या ग्रहाचा तारा द्विनेत्रीत बारीक ठिपक्यासारखा दिसतो.