आमची वाटचाल : बडोद्यातून सगळ्या ब्राउझरांकडे

दांडिया बाजारातल्या राहत्या घराच्या माडीवर आम्ही वेबसाइटची कामं घ्यायला लागलो, तेव्हा गिऱ्हाइकांच्या ऑफिसात विंडोज एक्सपी आणि त्यातलाच इंटरनेट एक्सप्लोरर ६ असायचा. पान बांधायचं फायरफॉक्सवर आणि मग दुप्पट वेळ ते एक्सप्लोररवर सरळ करत बसायचं. डावीकडे फ्लोट केलेल्या (कडेला सरकवून बसवलेल्या) डब्याला त्याच बाजूला १० पिक्सेल मार्जिन, म्हणजे मोकळी जागा, दिलं, की एक्सप्लोरर २० सोडणार!

मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांची कामं मिळाली आणि खरी शाळा सुरू झाली. तिथे ब्राउझर बदला म्हणून भागत नव्हतं. स्टोअरचं जुनं सॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर चालायचं आणि एक्सप्लोररशिवाय उघडायचंच नाही. शेठचं म्हणणं एकच, ‘बधे सरखुं देखावुं जोईए.’ (सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे.) त्यासाठी पैसे घालवू नका, हे आम्ही तेव्हापासून सांगतोय. गोल कोपरे एक्सप्लोरर ८वर चौकोनी दिसले तर दिसू द्यात, ऑर्डर गेली पाहिजे. कोणते ब्राउझर, कुठल्या आवृत्तीपर्यंत, हे कोटेशनमध्येच लिहायला लागलो. त्यापायी काही कामं हातची गेली, पण बिलावरची भांडणं थांबली.

आमच्याकडे मराठी आणि गुजराती एकाच पानावर येतात. एक्सपीवर मराठीला मंगल, गुजरातीला श्रुती. अँड्रॉइड आणि अ‍ॅपलवर फॉन्ट निराळे, म्हणून ओळीची उंचीही निराळी. इंग्रजी मजकुरावर बेतलेल्या बटणात ‘खरेदी’ची वेलांटी वरून छाटली जायची, ‘पुढे’चा उकार खालून. आता फॉन्ट पानाबरोबरच पाठवतो आणि बटणाची उंची बांधून टाकत नाही.

जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर आला. १५ जून २०२२ला एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला, त्या दिवशी ऑफिसात भाकरवडी आली. (कारखान्यांच्या जुन्या पानांना एजमधला आयई मोड (एक्सप्लोररसारखं पान उघडायची सोय) आहे, म्हणजे भूत पुरतं उतरलेलं नाही.)

सांभाळायची इंजिनं (ब्राउझरच्या आतला, पान मांडून दाखवणारा भाग) आता मुख्यतः तीन: क्रोम-एजचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. प्लेराइट हे चाचणीचं सॉफ्टवेअर रात्री तिन्हींवर चाचण्या चालवतं. आयफोनसाठी मात्र खरा फोनच हवा. आपल्याकडच्या आयफोनवरचा क्रोमही आतून वेबकिटच, हे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. सफारीची पत्त्याची पट्टी उघडी असली, की पूर्ण उंचीच्या पानाचं तळाचं बटण झाकलं जातं. तारीख आणि वेळ यांच्यात नुसती मोकळी जागा सोडली, तर जुन्या सफारीला ती तारीख वाचताच येत नाही. म्हणून अपडेट बंद झालेले आयफोन आम्ही मुद्दाम विकत घेतो. आमच्या हिशेबनीसांना हा खर्च अजून पटलेला नाही.